सगळ्यात जुना तुकडा

मुलांनो, या आठवड्यात आपण वाकळ शिवायला शिकणार आहोत. पण त्याआधी मला माझी एक चूक सांगायची आहे. ती सांगायची राहिली, तर तुमच्यापैकी कुणीतरी आज संध्याकाळीच कात्री घेऊन आजीच्या पेटीत शिरेल आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटेल!

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. धान कापून झालं होतं. सकाळी शाळेत येताना पोरं हात काखेत दाबून यायची. कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुलं झाली होती, काड्यापेट्यांचं घर झालं होतं, आता नवीन काय करायचं याचा विचार चालला होता. तेवढ्यात चौथीतला एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, यंदा कामाची वस्तू करू ना जी. फुलं तर दोन दिवसांत चुरगळतात."

मला त्याचं म्हणणं पटलं. मी म्हटलं, आपण वर्गाची एक वाकळ शिवू. शाळेत कुणाला ताप आला, घरचं माणूस येईपर्यंत पोराला आडवं करावं लागलं, तर अंगावर घालायला होईल. (तुमच्याकडे वाकळीला गोधडी म्हणत असतील. छत्तीसगडकडचे पाहुणे आमच्याकडे आले की कथरी म्हणतात. संस्कृतातली कंथा, बंगालातली कांथा आणि ही कथरी एकाच कुळातल्या.)

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी उत्साहाच्या भरात म्हणालो, "उद्या प्रत्येकानं घरातलं सगळ्यात जुनं कापड आणायचं. एक वीत लांब, एक वीत रुंद, बस. ज्याचा तुकडा सगळ्यात जुना, तो वाकळीच्या मधोमध!"

चूक कुठे झाली, ओळखा पाहू. नाही ओळखता आली? मलाही तेव्हा आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्गात चिंध्यांचा बाजार भरला. शर्टांच्या पाठी, परकराचे घेर, आत्याचं फुलवायलचं पातळ, एकानं तर छत्रीचं कापड आणलं. आणि प्रत्येकाचा तुकडा शंभर वर्षांचा! मग आम्ही कापडांची साक्ष काढायला बसलो.

एका मुलानं चकचकीत निळा तुकडा पुढे केला. "गुरुजी, हे माह्या पणजीच्या लग्नातलं पातळ होय. शंभर वर्सं झाली." मी त्यातला एक धागा काढला, चिमट्यात धरला आणि मेणबत्तीवर नेला. धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. सुती धागा असा वागत नाही. तो कागदासारखा जळतो आणि बोटानं चुरली तर मऊ राख होते. रेशमाचा किंवा कोशाचा धागा जळताना केस जळल्यासारखा वास येतो, कारण तो किड्याच्या अंगातून आलेला असतो. वितळून मणी झाला म्हणजे धागा कारखान्यातला, पॉलिएस्टरचा. आणि पॉलिएस्टरचा हा धागा इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनतज्ज्ञांनी शोधला १९४१ साली. आपल्याकडे टेरिलीन, टेरिकॉट आलं ते त्यानंतर. मग शंभर वर्षांपूर्वी पणजीनं ते नेसलं कसं?

"म्हणजे पणजी थापा मारते जी?" वर्ग खो खो हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं घरी विचारून आणलं. पातळ पणजीचं नव्हतंच, काकूचं होतं.

(पालकहो, ही जाळून पाहायची परीक्षा मोठ्या माणसानंच करायची. एकच धागा, चिमट्यात, आणि बाजूला पाण्याचं भांडं.)

एका मुलीनं धोतराचं टोक आणलं होतं. कुणीतरी आहेर म्हणून दिलेलं, कधीच न नेसलेलं कोरं धोतर होतं ते. धुतलेलं नसल्यामुळे त्यावर गिरणीचा शिक्का पुसट का होईना, दिसत होता. नागपूरची एम्प्रेस मिल! जमशेटजी टाटांनी ही गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं होतं, म्हणून नाव एम्प्रेस. आमच्या विदर्भातल्या कितीतरी घरांत या गिरणीचं कापड आलं. गिरणी २००२ साली बंद झाली. आता त्या जागेवर मॉल उभा आहे. मुलांना मी विचारलं, "मग या धोतराचं वय किती?" कुणी म्हणालं दीडशे वर्षं. नाही! शिक्का एवढंच सांगतो की धोतर १८७७ नंतरचं आणि २००२ च्या आधीचं. त्या मधल्या सव्वाशे वर्षांतलं नेमकं कुठलं, ते सांगायला घरातलं म्हातारं माणूसच लागतं.

आणि मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती एरवी फारशी बोलत नाही. तिनं दप्तरातून वहीच्या पानांत ठेवलेला तुकडा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

मध जसा असतो ना, तसला रंग. हाताला किंचित खरबरीत. एका बाजूला गडद लाल काठ, आणि तो काठ जिथे अंगाला मिळतो तिथे बारीक बारीक त्रिकोण, एकाला एक लागून, अगदी सुताराच्या करवतीच्या दात्यांसारखे. करवत काठ! आमच्या भंडारा जिल्ह्याची आणि नागपूरकडची ही जुनी ओळख. अंग कोशाचं. कोशाचे किडे घरात तुतीच्या पानांवर वाढत नाहीत, ते रानात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतात, आणि त्यांचा धागा मुळातच असा मधाळ रंगाचा असतो. त्याला रंगवावं लागत नाही. मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव, तसंच पवनी, ही इथली विणकरांची गावं. कोष्टी लोकांनी पिढ्यानपिढ्या हातमागावर हे काम केलं.

मी हरखून गेलो. तुकडा वर्गभर फिरवला. त्याची माहिती सांगितली. मधोमध लागणार तो हाच, असं जाहीरही करून टाकलं. मुलीचा चेहरा फुलला. एक साधा प्रश्न मात्र मी तिला विचारला नाही: बाळ, हा कापला कुणी?

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपली आणि फाटकातून एक आजी आत आल्या. अंगावर साधं सुती लुगडं, हातात वर्तमानपत्राची घडी. व्हरांड्याच्या पायरीवर टेकल्या. मी जवळ जाऊन नमस्कार केला. त्यांनी मांडीवर कागद उलगडला. आत अख्खं नऊवारी लुगडं होतं, मधाच्या रंगाचं. पदराच्या कोपऱ्यात वीतभर चौकोन नव्हता. कात्रीनं सरळ कापला होता.

"गुरुजी, पोरगी म्हनते का तुमीच मांगितलं. खरं हाये का जी?"

मी म्हटलं, "हो आजी. मी म्हटलं होतं, घरातलं सगळ्यात जुनं कापड आणा."

त्या थोडा वेळ लुगड्यावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "माह्या बापानं इनलं होतं. माह्या लग्नात मले देल्लं."

त्या रागावल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. मुलगी दाराआड उभी राहून पाहत होती. तिला वाटलं होतं, नऊवार लुगड्यातून एक वीत गेली तर काय मोठंसं! मधोमध आपल्या आजीचं कापड लागेल एवढंच तिच्या डोक्यात होतं. आणि ते तिच्या डोक्यात घातलं होतं मी. मी शर्यत लावली, मी बक्षीस जाहीर केलं आणि "घरी विचारून आणा" हे तीन शब्द सांगायचे विसरलो.

आजी हळूहळू बोलायला लागल्या. मोहाडीकडचं माहेर. घरात दोन माग होते. लहानपणी त्या बापाला कांड्या भरून द्यायच्या. करवत काठाला तीन धोटे लागतात, हे त्यांनी हातानं करून दाखवलं. मधल्या अंगाचा एक धोटा, दोन्ही काठांचे दोन. अंगाचा धागा आणि काठाचा धागा जिथे भेटतात तिथे एकमेकांत अडकवायचे, कधी एक दोरा पुढे, कधी मागे, तेव्हा कुठे एक दाता उठतो. "एका दिवसात हातभर व्हायचं नाही," त्या म्हणाल्या. बाप गेला, भावांनी दुसरी कामं धरली, माग मोडीत निघाले. बापाच्या हातचं म्हणून त्यांच्यापाशी हे एवढंच राहिलं.

मी म्हटलं, "आजी, तुमची हरकत नसेल तर तुकडा वाकळीत अगदी मानानं लावतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, वाकळीत धडकं कापड कोन घालते जी? फाटलं असतं तं मीच देल्लं असतं."

मुलांनो, मी डी.एड. केलं, शिवणकाम आईकडून शिकलो, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा घरात सगळ्यांना इतकं माहीत होतं की सांगायची गरजच पडली नसेल. माझी आई वाकळीसाठी लुगडं काढायची तेव्हा आधी उजेडात धरून बघायची. बसण्याच्या जागी विरलेलं असेल, टाचेजवळ फाटलेलं असेल, तरच ते वाकळीच्या ढिगात जायचं. बाकीचं परत दोरीवर.

जगातही असंच दिसतं. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथे गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांचे वंशज राहतात. शेतात राबणारी गरीब माणसं. तिथल्या बायका फाटक्या कपड्यांच्या वाकळी शिवायच्या. मिसूरी पेटवे नावाच्या बाईचा नवरा वारला. १९४२ साली तिनं त्याचे कामावरचे कपडे घेतले, गुडघ्याशी विटलेल्या विजारी, झिजलेले शर्ट, आणि त्यांची वाकळ शिवली. त्याच्या आठवणीत तिच्याखाली झोपायचं, एवढाच तिचा हेतू. पुढे २००२ साली जीज बेंडच्या वाकळींचं ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात प्रदर्शन भरलं, लोक रांगा लावून बघायला आले, आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकिटं काढली. कपडे झिजलेले होते, हे लक्षात घ्या. ते कपडे आपलं काम पुरतं करून वाकळीत आले होते.

त्याहून मागे जायचं तर बुद्धांच्या काळात जावं लागतं. भिक्षू लोकांनी टाकून दिलेल्या चिंध्या वेचत, धूत, जोडत आणि त्यांचं चीवर करत. धुळीत पडलेलं कापड म्हणून त्याला पांसुकूल म्हणत.

असो. तर आजींचं काय झालं? आम्ही तो तुकडा परत जागेवर बसवायचं ठरवलं. मी पुढे झालो तर त्यांनी माझी सुई बघितली आणि बाजूला ठेवली. "हे पोत्याची होय." घरून त्यांनी बारीक सुई आणि जुन्या मलमलीचा एक पातळ तुकडा आणवला. मलमल खाली अस्तर म्हणून ठेवली, वर कापलेला चौकोन नेमका बसवला, काठ काठाला, दाता दात्याला. दोन दिवस दुपारी त्या शाळेच्या व्हरांड्यात बसून टाके घालत होत्या. डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून सुईत दोरा ओवून द्यायचं काम मुलांचं. त्यावरून भांडणं लागली, शेवटी पाळ्या लावाव्या लागल्या! जोड दिसतो का? दिसतो. जवळून बघितलं तर दिसतो.

आता प्रश्न राहिला वाकळीच्या मध्याचा. मुलगी हिरमुसली होती. तिच्याकडे दुसरा तुकडाच नव्हता. एके दिवशी मी आंधळगावला गेलो. एका विणकराच्या घरी मागावरून नुकत्याच उतरवलेल्या कापडाचा उरलेला तुकडा होता. तोच मधाळ कोसा, तोच लाल करवत काठ, पण नवा कोरा. मागितला, तर त्यांनी पैसेही घेतले नाहीत. शाळेसाठी म्हटल्यावर घेतातच कुठे!

जुन्या नमुन्याचं नवं कापड ही काही माझी शोधलेली युक्ती नाही. अमेरिकेत १९३० च्या सुमाराला मोठी मंदी आली होती. तेव्हा पीठ आणि जनावरांचं खाद्य सुती पिशव्यांतून यायचं. रिकाम्या पिशव्यांचे आया मुलींना झगे शिवत आणि उरल्यासुरल्याच्या वाकळी. हे कंपन्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी पिशव्याच फुलाफुलांच्या छापाच्या काढल्या, म्हणजे बाई म्हणणार, मला त्याच फुलांची दुसरी पिशवी आणा! त्या खऱ्या पिशव्यांचं कापड आता फार नाजूक झालं आहे, जपून ठेवण्याजोगं. म्हणून गिरण्या आज तीच फुलं, तेच रंग नव्या कापडावर छापतात आणि वाकळी शिवणारे ते घेतात. जुनं पेटीत सुखानं राहतं. आपल्याकडे खणाचं बघा. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण पूर्वी चोळीपुरता विणला जायचा. आता त्याच वीणीच्या साड्या निघतात, पिशव्या निघतात. म्हणून आजीची खणाची चोळी कापून पेन्सिलींची पिशवी करायचं काहीच कारण नाही.

एकच पथ्य. नवं ते नवंच म्हणायचं. नवं कापड चहाच्या पाण्यात बुडवून पिवळं करायचं आणि "पणजीचं आहे" म्हणून सांगायचं, ही त्या निळ्या पातळाचीच गोष्ट झाली.

नवा तुकडा आजींना दाखवला. त्यांनी जुना काठ शेजारी ठेवला आणि बोटानं दाते मोजले. मग नवा तुकडा उलटा करून मागची बाजू बघितली. बराच वेळ बघितली. "बराबर इनलं," म्हणाल्या. "दाते मोठे हायेत थोडे. माहा बाप बारीक काढे." पण नात्याला तुकडा परत देताना दोनदा हात फिरवला त्यावरून.

आता शिवणीकडे वळू. वाकळीचा नमुना मुलांनीच ठरवला. आमच्याकडे डोळे उघडले की दिसतात त्या धानाच्या बांध्या आणि मधले धुरे. कापडाचे चौकोन म्हणजे बांध्या आणि मधल्या पट्ट्या म्हणजे धुरे! गंमत अशी की ही कल्पना अडीच हजार वर्षं जुनी आहे. विनयपिटकात हकिकत आहे की बुद्धांनी मगध देशातली भातशेती बघितली, चौकोनी तुकडे आणि मधले बांध, आणि आनंदाला विचारलं, असं चीवर भिक्षूंसाठी शिवता येईल का? आनंदानं शिवून दाखवलं. चीवर आजही तुकडे जोडून तसंच शिवतात. आमच्या जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी आहे. तिथे जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठानं आणि भारतीय पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं आणि जुना स्तूप उजेडात आणला. म्हणजे एके काळी तसली तुकड्यांची चीवरं घातलेले भिक्षू आमच्याच धानाच्या धुऱ्यांवरून चालत गेले असतील. मुलांना हे सांगितल्यावर त्यांना आपल्या नमुन्याचा भलताच अभिमान वाटायला लागला.

हिशोब असा. वर्गात मुलं चोवीस, एक तुकडा माझा, एकूण पंचवीस, म्हणजे पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच. वीत म्हणजे ९ इंच धरले. चहूबाजूंनी अर्धा अर्धा इंच शिवणीत जातो, राहिले ८. पाच चौकोनांचे ४० इंच. मधले चार आणि कडेचे दोन असे सहा धुरे, शिवून झाल्यावर प्रत्येकी दीड इंच, त्यांचे ९. एकूण ४९ इंच, लांबीलाही आणि रुंदीलाही. मग धुऱ्याची पट्टी कापताना किती इंच रुंद कापायची? अडीच! शिवण विसरलात ना?

धुऱ्यांसाठी मी बाजारातून लाल सुती कापड आणलं, आणि इथे माझी दुसरी चूक. (आज चुकांचाच वार आहे.) ते न धुता तसंच शिवायला दिलं. नशीब की आम्ही आधी चार चौकोनांचाच नमुना शिवला होता. तो धुतला, तर लाल कापड आटलं, त्यानं बाजूचे जुने तुकडे ओढून घेतले आणि सगळ्याला सुरकुत्या पडल्या. जुनं कापड शेकडो वेळा धुऊन आटायचं तेवढं आटलेलं असतं, नवं पहिल्याच धुण्यात आटतं. शिवाय रंगही गेला. गणवेशाच्या पांढऱ्या शर्टाचा तुकडा गुलाबी झाला. "गुरुजी, तुमी माह्या शर्टासोबत होळी खेळले!" असं त्या शर्टाच्या मालकानं सगळ्यांसमोर ऐकवलं. तेव्हा नवं कापड रात्रभर पाण्यात भिजवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच कापा. कोसा मात्र असा भिजवून चोळायचा नाही, थंड पाण्यातून हळूच काढायचा.

चौकोन आणि धुरे जोडून वरचा पदर तयार झाला की सतरंजीवर आधी खालचं अस्तर पसरा. एखादं मऊ, विरलेलं पातळ यासाठी उत्तम. त्यावर मधला थर. आम्ही मुलांच्या घरून आलेली दोन फाटकी लुगडी घड्या घालून घातली. वर आपला नमुना. ऊब या थरांमुळे येते, कारण थराथरांत हवा अडकून राहते आणि ती अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. मग मोठे कच्चे टाके घाला, मधून कडेकडे, म्हणजे सुरकुती बाहेर निघून जाते. कच्चे टाके झाले की खरा धावदोरा. तो मात्र कडेपासून सुरू करून चौकोनात फिरत फिरत आत न्यायचा, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. मोठी माणसं एका बाजूला, मुलं दुसऱ्या बाजूला बसली की काम भराभर होतं आणि गप्पाही.

दोरा सुतीच घ्या. पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाही म्हणून लोक घेतात, पण तोच तर त्याचा दोष. ताण पडला की मजबूत दोरा जुन्या कापडाला कापत जातो. सुती दोरा स्वतः तुटेल. तुटला तर तुटला, पुन्हा घालता येतो.

कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूरकडे सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायका कवंदी नावाची वाकळ शिवतात आणि शेवटी चारही कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी घडी लावतात. तिला त्या फूल म्हणतात. फूल लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्यांना वाटत नाही. आम्हाला ते फार आवडलं. आमच्याही वाकळीला चार कोपऱ्यांत चार फुलं आहेत. त्यातलं एक निळं, चकचकीत. काकूच्या पातळाचं!

पालकहो, दोन गोष्टी तुमच्यासाठी. जुनं रेशमी किंवा कोशाचं कापड वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलं की घडीवरच फाटतं. वर्षातून दोनतीनदा घडी बदला. लोखंडी पेटीत गंज लागतो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते, म्हणून धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. आणि भांडेवाली दारात आली की एका पातेल्यासाठी जुन्या लुगड्यांचा गठ्ठा तिच्या हवाली करण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. मी तर आता स्वतःच्या घरीही विचारतो.

वाकळ पुरी झाल्यावर आम्ही एक वही केली. पंचवीस चौकोन, पंचवीस नोंदी. कापड कुणाचं, कोणतं, कुठे फाटलं होतं, कुणाला विचारून आणलं. एका मुलानं लिहिलं आहे, "बाबांचा शर्ट. ट्रक खाली करताना खांद्यावर फाटला." एकीनं लिहिलं आहे, "बाळाचं दुपटं. बाळ आता मोठं झालं." मधला चौकोन तेरावा. तेराव्या नोंदीचा मजकूर आजींनी सांगितला आणि नातीनं लिहिला: "कोसा, करवत काठ. नवं हाये. जुनं घरी हाये, कोनाले पाहाचं असन तं घरी या."

वहीत त्यांचं बोलणं जसंच्या तसं ठेवलं. शुद्धलेखनाचे गुण कापले नाहीत!

जानेवारीत एका मुलाला वर्गातच ताप भरला. त्याची आई शेतावरून येईपर्यंत तासभर तो त्या वाकळीत गुरफटून झोपला होता. बाकीची पोरं अधूनमधून जाऊन पाहून यायची, त्याला नव्हे, आपापला तुकडा नीट आहे ना ते!

आता तुमची पाळी. या सुटीत घरातली एखादी जुनी वाकळ उन्हात टाका, आजी-आजोबांना शेजारी बसवा आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारा, हा कुणाचा? जे कळेल ते लिहून मला पाठवा. आणि कात्री? ती आजच्या दिवस आईकडेच राहू द्या.